माझा ब्रेक सहावीत शिकतो

मी सायकल बोलतेय. आमच्या पाथर्डीच्या डोंगरपट्ट्यात माझ्याइतकी शिकलेली सायकल दाखवा! रोज शाळेत जाते. आता खरं सांगायचं तर वर्गात मला कुणी घेत नाही. खिडकीखाली लिंबाला टेकून ऐकते. सतराचा पाढा सतरा पाचे पंच्याऐंशीपर्यंत येतो. पुढं घंटा होते.

तरुणपणी मी एका पोस्टमनकडं होते. तिथून गहिनीनाथ आण्णांकडं आले. आण्णांनी माझ्या ब्रेकच्या सळया काढून शेळीच्या खोपटाला कडी केली. शेळी थांबली, माझं थांबणं गेलं.

दसऱ्यानंतर आण्णा बायकोसंगं ऊसतोडीला गेले, त्यांची दोन पोरं आजीपाशी राहिली. जाताना आण्णांनी दम दिला, "भांडणाची एक जरी तक्रार आली, तर दोघांना उसाच्या फडावर नेईन. शाळा बंद!"

दिपाली आठवीत, वाल्मिक सहावीत. भांडल्याशिवाय दोघांना घास गिळवत नाही. ती पायडल मारते. तो मागं कॅरियरवर, आणि उतार आला की मागच्या चाकाला चप्पल दाबतो. हाच माझा ब्रेक.

"दाब की रं!"

"दाबलीय! तुझं डोळं हायत का बटनं?"

ऐकून मला गुदगुल्या होतात. मग मी मुद्दाम चेन पाडते. भांडण आणखी पाच मिनिटं चालतं.

शाळेत नववीतला अंगद. मधल्या सुट्टीत मला हिसकावून शाळेच्या सपाट मैदानात पिदडायचा; तिथं ब्रेक लागतोच कशाला? पोरं बोलणार कशी? तक्रार केली की भांडण, भांडण कळलं की फड.

एक दिवस शाळा सुटल्यावर तो म्हणाला, "आजपासून ही माझी. घरी सांगा, हरवली."

पोरांची वाडी पाच किलोमीटर लांब. मी गेले म्हणजे शाळा गेली. वाल्मिकनं कॅरियर घट्ट धरलं. अंगदनं तसंच पायडल मारलं, आणि उतार लागला.

"अंगद, थांब! तिला बिरेक न्हाई!" दिपाली ओरडली.

"थापा मारती व्हय?" म्हणत त्यानं ब्रेकच्या मुठी आवळल्या. त्या नुसत्याच खुळखुळल्या. तसा गडी "आई गं!" करून बोंबलला.

खाली वळणावर शेणाचा मोठा उकिरडा. म्हटलं, चला, साहेबांना आज उटणं लावू! पण फरफटत आलेला वाल्मिक टुणकन कॅरियरवर बसला आणि सवयीनं त्यानं चप्पल दाबली. उकिरडा हातभर राहिला नि मी थांबले. मेल्यानं माझी मजा घालवली.

अंगद खाली उतरला. दिपाली धापा टाकत आली ती भावावरच घसरली, "एवढा उशीर? झोपला हुतास का?"

अंगदनं हँडल तिच्या हातात दिलं.

दुसऱ्या दिवशी तो लिंबाखाली आला. हातात ब्रेकचा नवा जोड. मान खाली घालून म्हणाला, "चुकलं माझं. मीच बसवून देतो."

माझं आता वय झालंय. बसवून घ्या रे बाळांनो, म्हातारीला थांबता येऊ द्या, असं मीही मनातून विनवलं.

दिपालीनं वाल्मिककडं पाहिलं. तो झिजलेली चप्पल लपवत होता.

"नको," ती म्हणाली. "बिरेक बसवला तर ह्या येड्याला मागं कशाला बसवू?"