झडप

या, असे पुढे सरकून बसा. दाराशी बसलात तर या गोष्टीतला बारीक आवाज तुम्हाला ऐकू यायचा नाही. एका बाईच्या काळजाची गोष्ट सांगतो, आणि त्या काळजाच्या दाराची.

धुरपताबाईनं उंबऱ्यावरचं लिंबू पायाच्या अंगठ्यानं बाजूला सारलं आणि ती मटकन खाली बसली. विहिरीपासून घर पन्नास पावलांवर, पण अलीकडे तेवढ्यात दोनदा घागर टेकवावी लागे. लिंबाला हळद-कुंकू लावलेलं होतं, चार टाचण्या टोचलेल्या होत्या. शेजारच्या पार्वतीबाईचं काम.

चूक धुरपताबाईचीच होती. परभणीच्या दवाखान्यात महिन्यातून एकदा हैदराबादचा डॉक्टर येई. त्यानं सांगितलं, हृदयाची झडप खराब झाली आहे. तिनं गावात येऊन तेच सांगितलं, "काळजाला झडप हाय." आता गावात झडप म्हणजे एकच, तिन्हीसांजेला पिंपळाखालून जाताना बाईमाणसाला धरतं ते. तेव्हापासून बाया तिच्यापासून चार हात लांबून पाणी भरू लागल्या. हैदराबादला सोबत येते म्हणालेली भावजय केशरबाई 'आधी बाहेरचं बघून घ्या' असा निरोप धाडून मोकळी झाली. धुरपताबाईला ना मूल, ना बाळ. नवरा जाऊन बावीस वर्षं झालेली.

झडप म्हणजे काय ते साऱ्या गावात एकटी सुलाबाई जाणून होती. बौद्धवाड्यातली ही बाई परभणीच्या दवाखान्यात एकोणीस वर्षं आया होती. दुपारी ती चष्मा आणि हैदराबादला धाडायचा कागद घेऊन आली, आणि नेहमीसारखी बाहेरच्या ओट्यावरच बसली.

"लिंबू कुणाचं?"

"पार्वतीचं. उतारा हाय म्हणं."

"टाचण्या काढून सरबत तरी करायचं व्हतं, धुरपतामाय. ह्या उन्हात कामी आलं असतं."

धुरपताबाई हसली आणि हसता हसता तिनं छाती धरली. सुलाबाईनं ते पाहिलं. कागद मांडीवर पसरला.

"उद्या टपालात पडला पायजे ह्यो. डॉक्टरनं तारीख धरून ठिवलीय. बोला, कोणती झडप लिवू?"

डॉक्टरनं तीन वाटा सांगितल्या होत्या. धातूची झडप बसवली तर ती जन्मभर टिकेल, पण रक्त पातळ ठेवायची गोळी रोज, आणि महिन्याच्या महिन्याला औरंगाबादला जाऊन रक्त तपासायचं. ते चुकलं तर जिवाशी गाठ. आणि तिथं एकटीनं जायचं नाही, असं त्यानं बजावलं होतं. डुकराची झडप बसवली तर तसली गोळी नाही, ती तपासणी नाही, कुणाची सोबत नाही; दहाएक वर्षं निभतील. काहीच केलं नाही, तर पुढची दिवाळी सांगता येत नाही. आणि कोणतीही बसवा, टेबलावर गेलेल्या दहातल्या दोघी परत येत नाहीत.

डुकराचं नाव निघताच धुरपताबाईनं दवाखान्यातच कानाला हात लावला होता. गळ्यात तुळशीची माळ, चाळीस वर्षं एकादशी चुकलेली नाही. पण मरणाची भीती माळेपेक्षा जड निघाली. शेवटी ती पोखर्णीच्या नरसिंहाला गेली आणि कीर्तन संपल्यावर तिनं किशनबुवांना गाठलं.

"काय म्हणाले बुवा?"

"म्हणाले, देवानं वराहाचं रूप घेतलं तवा त्याला त्या अंगाची किळस आली न्हाई, मग तुला का यावी? आन् नरसिंहाच्या दारात उभी ऱ्हाऊन जनावराची लाज कसली धरतीस?"

"मंग झालं की! डुकराची लिवते. फकस्त उकिरडा दिसला की पाय आवरा."

बुवांनी गाठ अशी सोडून दिली होती. आता कुणाच्या पाया पडायला नको, कुणाच्या निरोपाची वाट पाहायला नको. एकट्या बाईला आणखी काय हवं? तरी धुरपताबाईच्या तोंडून 'लिव' हा शब्द निघेना.

कागदाच्या पाठीमागं डॉक्टरनं पेननं काढलेलं चित्र होतं, दोन फळ्यांचं लहानसं दार. रक्त आतून धक्के देतं, पण हे दार उघडत नाही, असं तो म्हणाला होता. धुरपताबाई त्या चित्राकडे पाहत राहिली. मग तिची नजर गल्लीकडच्या खिडकीवर गेली. त्या खिडकीलाही एक लाकडी झडप होती. दहा वर्षं ती लावलेलीच होती. भर ज्येष्ठात घर भट्टीसारखं तापे, तरी तिनं ती उघडली नव्हती.

नामांतराच्या दंगलीत बौद्धवाड्यातली घरं पेटली त्या दिवशी कुणीतरी कडेला पोरगी घेऊन या गल्लीतून दारं ठोकत धावलं होतं. धुरपताबाईनं आवाज ओळखला होता. ओळखला, आणि झडपेला आतून आडवा अडणा घातला. त्या धुरात सुलाबाईला खिडकी कुणाची हे कळलं नसेल, अशी समजूत घालत तिनं दहा वर्षं काढली होती.

"सुलाबाई," ती खालच्या आवाजात म्हणाली, "त्या साली..."

सुलाबाईनं चष्मा काढून पदरानं पुसला.

"म्हाईत हाय मला."

"काय म्हाईत हाय तुला?"

"झडप तुमीच लावली ते. आतून तुमचं नाम चालू व्हतं. लय मोठ्यानं घेत व्हता. भाईर ऐकू येत व्हतं."

अंगणात कोंबडीनं लिंबाला चोच मारून पाहिली आणि सोडून दिलं.

"मग येतीस कशाला माझ्याकडं?"

"मंग काय करू? मीबी आत बसून नाव घेऊ?"

तिच्या आवाजात राग नव्हता. रोग्याला कूस बदलायला सांगावं, तसं ती बोलली.

धुरपताबाई भिंतीला धरून उठली. खिडकीपाशी गेली. अडणा फुगून चौकटीत रुतला होता. तिनं ओढून पाहिला, तळहातानं झडपेवर मारलं, पुन्हा मारलं. वरून धुळीची एक रेघ गळली, एवढंच. तिच्या ओठांवर निळसर झाक आली, श्वास शिट्टीसारखा वाजू लागला.

"ऱ्हाऊ द्या, धुरपतामाय," ओट्यावरून सुलाबाई म्हणाली. "आता तितं कुणी हुबं न्हाई."

धुरपताबाईचा तळहात लाकडावर तसाच राहिला. मग पाठमोरी असतानाच ती म्हणाली,

"लोखंडाची लिव."

"लोखंडाची? आवो, महिन्याच्या महिन्याला औरंगाबाद करावं लागंल. एकटीच्यानं व्हायचं न्हाई ते."

"म्हणूनच." ती वळली. "तुमी याल नव्हं, सुलाबाई?"

'तुमी' ऐकून सुलाबाईचं पेन थांबलं. चष्मा चढवून तिनं 'धातूची' असं लिहिलं. पुढच्या ओळीवर बोट ठेवून वाचलं, "तपासणीला सोबत येणाराचं नाव." तिथं तिनं आपलं नाव सावकाश घातलं. त्याच्याखाली आणखी एक ओळ होती.

"नातं काय लिवू?"

धुरपताबाईच्या ओठांपर्यंत काहीतरी आलं आणि तिथंच अडलं. सुलाबाईनं थोडी वाट पाहिली, मग कागदाची घडी घातली. दुसऱ्या दिवशी ती जागा तशीच कोरी ठेवून कागद टपालात पडला.

पुढं हैदराबादला काय झालं, ते मला विचारू नका. माझं मागणं एवढंच आहे. आता कीर्तनाला बसाल, नामाचा गजर टिपेला जाईल, टाळ्यांनी मंडप भरून जाईल, तेव्हा क्षणभर हात थांबवा, दाराबाहेर कुणी आहे का याची चाहूल घ्या, आणि सुलाबाईची आठवण ठेवा.