गोठलेल्या हेडविगची राखण

मित्रांनो, हल्ली मला काहीच काम नाही. अ‍ॅरिझोनाच्या वाळवंटातल्या एका बैठ्या इमारतीमागे मी उन्हात नुसती उभी असते. मी पोलादाची टाकी. चहाच्या थर्मासला असतात तशा मला दोन भिंती, आणि मधली हवा काढून घेतलेली. आत नायट्रोजनचा द्रव भरायचे. तो इतका थंड, की बर्फसुद्धा त्याच्यापुढे उबदार म्हणावा. वेल्डिंगवाल्यांनी माझा एकेक सांधा पुन्हा पुन्हा तपासला होता, कारण माझ्या पोटात माणूस ठेवायचा होता.

त्या माणसाचं नाव हेडविग. झाडांचा अभ्यास करणारी बाई. तिनं बी पेरून निवडुंग वाढवला होता, आणि त्याला पहिला फाटा फुटायला माणसाचं एक आयुष्य पुरत नाही. तो फाटा तिला बघायचा होता, म्हणून मेल्यावर गोठून राहायचं आणि पुढे कधीतरी डॉक्टरांना जमलं की पुन्हा उठायचं, असं तिनं ठरवलं होतं. दुखणं हाताबाहेर गेल्यावर ती स्वतः मला बघायला आली. सोबत तिचा धाकटा भाऊ, फादर काझिमिर. ते चर्चमध्ये पाद्री होते.

तिनं मला टकटक वाजवून पाहिलं. "चांगली मजबूत आहे."

"हेडी, लहानपणापासून तू प्रार्थनेला उशिरा यायचीस," फादर म्हणाले. "आता देवाच्या घरीसुद्धा उशिराच जाणार?"

"देवाला घाई आहे असं कुणी सांगितलं तुला?"

"थट्टा नको. मेल्यावर आत्मा निघून जातो. इथे राहील ते रिकामं घर."

"मग रिकाम्या घराला मी कुलूप लावलं, तर तुझं काय बिघडलं?"

"आणि गेला नसेल तर? जिवंत जीव टाकीत कोंडून ठेवायचा?"

"काझ, बुडालेल्या पोराची छाती दाबून त्याला परत आणतात, तेव्हा तू पाप म्हणत नाहीस. माझी छाती दाबणारा अजून जन्मला नाही, एवढंच. मी वाट बघते."

फादर टोपी घालून बाहेर पडले.

हेडविग वारल्यावर माझ्याकडे आली ती डोकं खाली, पाय वर अशी. द्रव कमी झालाच, तर डोकं सगळ्यात शेवटी उघडं पडावं म्हणून. रोवीना नावाची बाई आमची राखण करायची. ती शिडीवर चढून द्रव ओतायची आणि "हेडविगबाई, आज बाहेर भट्टी पेटलीय हो," असं सांगायची. लोक लांबून मला बघायला यायचे. कुणी हात जोडायचे, कुणी नाक मुरडायचे. मी ताठ उभी असायची. खरं सांगते, मला अभिमान वाटायचा.

फादरही यायचे, पण भांडायला. "तिला माझ्या ताब्यात द्या. आईशेजारी पुरतो. तिची सुटका होऊ दे."

"तिची इच्छा तशी नव्हती, फादर," रोवीना शांतपणे म्हणायची. "माझ्या हातात काही नाही. टाकीला हात लावून बघा. बाहेरून गार लागत नाही ना? म्हणजे आत सगळं ठीक आहे. गार लागली, तर मात्र खैर नाही."

आणि एकदा माझा एक सांधा उलला. ईस्टरच्या सुट्टीचा आदला दिवस होता. द्रवाची पातळी सकाळीच मोजून झाली होती. पुन्हा मोजणार ते सुट्टी संपल्यावर. रोवीना पलीकडे खिडक्या लावत होती, आणि फादर निरोप घ्यायला माझ्याजवळ आले होते. त्यांनी माझ्यावर हात ठेवला आणि झटकन मागे घेतला. माझ्या अंगावर गोठलेलं पांढरं दव धरलं होतं.

मित्रांनो, मला ओरडता येत नव्हतं. फादर नुसते घरी गेले असते, तरी सुट्टी संपेपर्यंत सगळं आटोपलं असतं. आईशेजारची जागा हेडविगला मिळाली असती, आणि कुणी त्यांना दोष दिला नसता. ते त्या दवाकडे बघत उभे राहिले. त्यांचे ओठ हलत होते.

मग त्यांनी हाक मारली, "रोवीना, लवकर या. टाकी गार लागतेय."

रोवीनानं मदतीला माणसं बोलावली. नवी टाकी भरेपर्यंत फादर जाड हातमोजे चढवून माझ्यात द्रव ओतत राहिले. पांढऱ्या वाफेत त्यांचा काळा झगा दिसेनासा झाला होता. शेवटी साखळीनं हेडविगला वर उचललं आणि नव्या टाकीत उतरवलं, तेव्हा ते भिंतीला टेकून खालीच बसले.

"तुम्हाला तर ती इथून जायला हवी होती," रोवीना म्हणाली.

"हवीच आहे. पण ती झोपलेली असताना तिचं पांघरूण ओढून नव्हे. तिच्याशी भांडून जिंकायचं होतं मला."

मित्रांनो, माणूस खरंच पुन्हा उठेल का, मला ठाऊक नाही. पण तुमच्या घरातही असं कुणी असेल, ज्याचं म्हणणं तुम्हाला पटत नाही. त्याच्याशी खुशाल भांडा. मात्र तो बोलू शकत नसेल, तेव्हा त्याला सांभाळा.

परवा मागचं दार उघडं होतं. फादर नव्या टाकीपाशी उभे राहून काहीतरी पुटपुटत होते.

"फादर, कुठली प्रार्थना म्हणता?" रोवीनानं विचारलं. "मेलेल्यांसाठीची, की आजाऱ्यांसाठीची?"

फादरांनी टाकीवर हात ठेवून पाहिला.

"आजाऱ्यांसाठीची," ते म्हणाले. "दुसरी म्हटली, तर हेडी वाद घालेल."