तीन मिलिमीटर पाऊस

मित्रांनो, लांबून पाहिलंत तर तुम्हाला वाटेल, आवारात कोणीतरी तांब्याचं पिंप विसरून गेलं आहे. तसं नाही. मी एक जुना पर्जन्यमापक आहे. नाव भारदस्त असलं तरी काम साधं आहे. पाऊस पडला की तो माझ्या नरसाळ्यातून आतल्या बाटलीत उतरतो. सकाळी साडेआठला कोणीतरी येऊन ते पाणी काचेच्या मापात ओततं आणि मोजतं. बस्स. ढग कुठून आले, का आले, या भानगडीत मी पडत नाही.

माझा जन्म चेन्नईच्या गिंडी भागात, एका छोट्या कारखान्यात झाला. अंग तांब्याचं, वरची कड पितळेची. ती कड गोल करायला कारागिराने इतका वेळ लावला की मालक वैतागून म्हणाला, "अरे, बांगडी घडवतोयस की काय?" पण कड वाकडी राहिली तर मोजमाप चुकतं, हे दोघांनाही ठाऊक होतं. पुढे मला चेन्नईजवळच्याच कोवलमच्या रस्त्यावर एका शेतकी संस्थेच्या हवामान केंद्रात आणलं आणि कमरेपर्यंत जमिनीत पुरलं. समुद्र जवळ, त्यामुळे खाऱ्या वाऱ्याने लवकरच माझा रंग हिरवट झाला. कावळे माझ्यावर येऊन बसतात. बसोत बापडे. उन्हाळ्यात तर माझ्याकडे कोणी ढुंकूनही पाहत नाही.

अपवाद होता एकाच माणसाचा. राणोजी हे या केंद्राचे निरीक्षक. तंजावरकडचे मराठी. त्यांच्या बोलण्यात जुनी मराठी आणि तमिळ इतकी मिसळलेली की महाराष्ट्रातून आलेला माणूस आधी गोंधळायचा आणि मग हसायचा. पाऊस असो वा नसो, ते रोज सकाळी येत, माझं नरसाळं काढत, आत पाहत आणि आकडा मासिक तक्त्यात शाईने लिहीत. महिना संपला की तो तक्ता मुख्य कार्यालयात जाई. तक्त्याचा नियम कडक होता. चुकलेला आकडा पुसायचा नाही. त्यावर एक सरळ रेघ मारायची, शेजारी खरा आकडा लिहायचा आणि सही करायची. राणोजींच्या तक्त्यात अशी रेघ आजवर कधी पडली नव्हती. त्याचा त्यांना भारी अभिमान होता आणि तो ते लपवतही नसत.

मी सांगतो ती गोष्ट दोन हजार सालानंतरची. जवळच्या सिरुसेरीला संगणक कंपन्यांच्या काचेच्या इमारती उभ्या राहत होत्या. राणोजी ऑक्टोबरअखेर निवृत्त होणार होते. त्यांच्या जागी नाशिकची अदिती आली होती. हुशार, चटपटीत, आणि इडली खाऊन कंटाळलेली.

"काका, तुमचा शेवटचा तक्ता मी फ्रेम करून लावणार आहे," ती चिडवायची.

"लाव, अम्मा. पण त्यास एकही रेघ नसेल, हे पाहून लाव," राणोजी म्हणायचे. इकडे लहान मुलीलाही अम्माच म्हणतात.

तो महिना कोरडाच चालला होता. सुरुवातीला एक सर आली, तेवढीच. त्यात आयुधपूजा आली. इकडे त्या दिवशी हत्यारं, यंत्रं, गाड्या, सगळं धुतात, गंध-कुंकू लावतात, हार घालतात. राणोजी दरवर्षी आधी माझी बाटली बाहेर काढून ठेवत, मग मला धूत, फडक्याने कोरडं करत आणि शेवटी बाटली परत बसवत. या वर्षी मात्र ते चुरमुरे, डाळ्या आणि फोडायला कोहळा आणायला बाजारात गेले होते. जाताना ओरडून गेले, "अम्मा, हिंगे अस्के धुऊन ठेव!" म्हणजे इथलं सगळं धुऊन ठेव.

अदितीने सगळं धुतलं. घरी दसऱ्याला वडिलांची स्कूटर धुवायची, तशाच उत्साहाने. माझ्या डोक्यावर तिने तांब्याने पाणी ओतलं. बरंचसं बाहेर सांडलं, थोडं नरसाळ्यातून आत गेलं. मग तिने मला गंध लावलं. झेंडूचा हारही घातला. मला छान वाटलं, हे कबूल करतो. पण आतली बाटली कोणी पाहिलीच नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी राणोजींनी पाणी मापात ओतलं आणि ते लहान मुलासारखे ओरडले.

"अय्यो! मळै! तीन मिलिमीटर! पाहा, मी जाणार म्हणून पाऊस मज भेटायास आला!"

जमीन ओलसर होती, पण ती आदल्या संध्याकाळीच धुतलेली. समुद्रावरून एखादा ढग येऊन एवढ्याच जागेवर शिंतडून जाणं इकडे नवलाचं नाही. शिवाय धुताना अदितीने बाटली आधी काढली असणारच, असं त्यांनी धरलं होतं, त्यामुळे त्यांना शंका आली नाही. त्यांनी आकडा लिहिला. अडीच मिलिमीटरच्या वर पाणी म्हणजे तो पावसाचा दिवस धरतात, म्हणून तीही नोंद केली. अदितीचा चेहरा मात्र खर्रकन उतरला. तिने एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा राणोजींच्या हसऱ्या चेहऱ्याकडे, आणि ती गप्प राहिली.

महिन्याच्या शेवटच्या दिवशी राणोजी माझ्याशेजारी स्टूल टाकून बेरीज करायला बसले. तेव्हा ती आली.

"काका, तो पाऊस नव्हता. मी पूजेला पाणी ओतलं ना, ते आत गेलं होतं."

राणोजी उठून उभे राहिले. "आणि हे आज सांगत्येस? त्याच दिवशी तोंड कोठे गेलं होतं तुझं?"

"तुम्ही इतके खूश होतात, काका. माझी जीभच उचलली नाही."

"मग आताच का उचलली? उद्या मी नाही हिंगे. कोणास काय कळणार होतं?"

अदिती रडत होती, पण मागे हटली नाही. "उद्यापासून मला इथे आकडे लिहायचेत, काका. मागचा खोटा आहे हे माहीत असून पुढचा कसा लिहू?"

राणोजी पुन्हा स्टुलावर बसले. पेन उघडलं आणि त्या तीनवर एक सरळ रेघ मारली. शेजारी शून्य लिहिलं. मग सही केली. शेऱ्याच्या रकान्यात त्यांनी लिहिलं, 'पूजेचं पाणी. पाऊस नाही.' त्यांचे डोळे भरून आले होते. माझ्यासारख्या धातूच्या भांड्यालाही ते पाहवेना.

"आता नको लावू हो फ्रेम," ते म्हणाले.

"आता तर लावणारच," अदिती म्हणाली.

मित्रांनो, माझी काळजी घ्या, मला धुवा, पण धुतल्यावर कोरडं करा. एवढं तर मी मागणारच. मात्र खरं सांगायचं तर मला ढगातलं पाणी आणि तांब्यातलं पाणी यातला फरक कळत नाही. जे पडेल ते मी धरून ठेवतो. तो फरक सांगायला माणूस लागतं, आणि कधी कधी ते रडत रडत सांगतं. असं माणूस तुमच्याकडे आलं, तर आधी त्याला बसायला स्टूल द्या.