नऊ नंबरची गाठ

"नऊ नंबरची गाठ कुठंय?" आक्कांनी आल्या आल्या विचारलं.

मी इस्त्रीवरून मान वर केली नाही. आमच्या इस्पितळात खाटेवरचं माणूस गेलं, की त्याची चादर वॉर्डमधून वेगळी, गाठ मारून धुलाईघरात येते. ती गाठ गेली अठरा वर्षं आक्काच सोडत. सोडताना वर बघून म्हणत, "तुझं तू घेतलंस, आता सांभाळ." मग चादर मशीनमध्ये जायची.

"आक्का, देवाला पोच देता का?" मी चिडवायचे.

"पोच कसली? ताकीद देते."

नऊ नंबरवर त्यांची एकुलती एक मुलगी होती, दोन महिने. रोज जेवणाच्या सुट्टीत आक्का डबा न उघडता जिन्याखाली डोळे मिटून उभ्या राहायच्या. जन्मात कुणाकडे काही न मागितलेली बाई, पण लेकीसाठी तिनं पदर पसरला. देव ढिम्म हलला नाही. मला त्याचा राग आला, तो अजून गेलेला नाही.

सोमवारी सकाळी मुलगी गेली. दुपारी गाठ खाली आली, तेव्हा हात लावायचा मला धीर होईना. मी ती साबणाच्या पोत्यांमागे कोंबली. आक्का पंधरा दिवस तरी फिरकणार नाहीत असं मी धरून चालले होते. त्या चौथ्या दिवशीच हजर.

"दे इकडे."

"मी करते ना, आक्का. तुम्ही बसा जरा."

"इतकी वर्षं लोकांच्या सोडल्या. माझ्या पोरीची दुसऱ्यानं सोडायची होय?"

मी पोत्यांमागून गाठ काढून दिली. वॉर्डमधल्या कुणीतरी ती करकचून आवळली होती. मी कात्री पुढे केली, ती त्यांनी बाजूला सारली. आधी नखं लावली, मग दात. बऱ्याच वेळानं गाठ सुटली. त्यांनी वर पाहिलं. भांडा, एकदा तरी त्याच्याशी कडाकडा भांडा, असं मला आतून वाटत होतं.

"मी मागितली होती," आक्का म्हणाल्या. "तू नाही म्हणालास. का, ते मला कळत नाही."

त्यांनी चादर छातीशी धरली.

"पण लोकांची माणसं इतकी वर्षं तुझ्याच भरवशावर सोडली. आता माझ्या वेळेला तो कसा काढून घेऊ? तुझं तू घेतलंस. सांभाळ." मग हळू आवाजात, "तिला डाव्या कुशीवर झोप लागते. पाय उघडे टाकते, तेवढं बघ."

दुपारी धुऊन वाळलेली ती चादर माझ्याकडे आली. मी रडत, देवाला शिव्या घालत तिच्यावर इस्त्री फिरवली. आक्कांनी घडी घातली, वरून एकदा हात फिरवला आणि ती वर जायच्या गठ्ठ्यात ठेवली. नऊ नंबरवर सकाळीच कुणीतरी नवीन आलं होतं.