चार नंबरचा माणूस

“चार नंबर, एक पाऊल पुढे या.”

फळ्यासमोर उभ्या असलेल्या पाच जणांतून तिचे बाबा पुढे आले. सरांनी बजावल्याप्रमाणे नजर सरळ, मागच्या भिंतीवरच्या घड्याळावर. अंगात लग्नकार्यासाठी जपून ठेवलेला पांढरा सदरा. वेल्डिंगच्या ठिणग्यांनी त्यांचा डावा गाल कधीचाच चुरमडून गेला होता, आणि त्या बाजूची पापणी अर्धी मिटलेली असे.

गेल्या आठवड्यात गुन्हेगारीशास्त्राचा तास चालू असताना एक माणूस धावत आत आला होता आणि टेबलावरची सरांची बॅग उचलून पळाला होता. ते नाटक होतं, हे सरांनी नंतर सांगितलं. आज त्याला ओळखायचं होतं. त्या काळी विभागाकडे साक्षीदाराला आड ठेवणारी काळी काच वगैरे काही नव्हती. साक्षीदार बाकांवर, संशयित फळ्यासमोर. रांग भरायला जमेल त्याने घरातलं, ओळखीतलं माणूस आणावं, पण कोण कोणाचं ते शेवटपर्यंत सांगू नये, असं ठरलं होतं.

सकाळी बाबांनी आरशासमोरूनच विचारलं होतं, “चोरांच्या रांगेत उभं राहायचं, तर दाढी करून येऊ की तशीच ठेवू?” आणि स्वतःशीच हसत दोनदा वस्तरा फिरवला होता.

“हाच गं,” पहिल्या बाकावर तिच्या शेजारी बसलेली मैत्रीण कुजबुजली. “थोबाडच सांगतंय.”

तिने पेनाचं टोपण काढलं, परत लावलं. चोर सडपातळ होता, गाल गुळगुळीत. तिने अगदी जवळून पाहिला होता.

“ज्यांना चार नंबर वाटतो, त्यांनी हात वर करा.”

मागे हात वर गेल्याची सळसळ झाली. मैत्रिणीचा गेला. तू का नाही, असं कोणी विचारू नये एवढ्यासाठी तिचाही गेला. बाबा घड्याळाकडेच बघत होते.

“शाब्बास!” सर म्हणाले. “सगळ्यांनी मिळून एका निरपराध माणसाला आत टाकलंत. चोर या रांगेत नव्हताच.”

वर्गात हशा पिकला. मग ओळखी सुरू झाल्या. एक नंबर कोणाचा तरी मामा निघाला, दोन नंबर कोणाचे शेजारी. तीन नंबरच्या गळ्यात तर त्याच्या धाकट्या बहिणीने धावत येऊन हातच टाकले.

“आणि काका, तुम्ही कोणाचे?”

तिने बाकावर हात टेकले. आता फक्त उठायचं होतं.

“मी कोणाचा नाही, साहेब,” बाबा म्हणाले. “जिन्याचा कठडा जोडायला आलो होतो. खाली कोणीतरी म्हणालं, वर माणूस कमी पडतोय.”

सरांनी त्यांचे आभार मानले. मुलांनी टाळ्या वाजवल्या. तिनेही वाजवल्या.

संध्याकाळी चहा गाळता गाळता आईने विचारलं, “झालं का तुमचं नाटक?”

“झालं की. एवढी घोटून दाढी केली, तरी चोर मीच ठरलो!”

आई पोट धरून हसली. मग लेकीकडे वळली.

“आणि तू गं? सांगितलं नाहीस का, अरे, हे माझे बाबा आहेत म्हणून?”

तिने कप बशीत ठेवला.

“ती कशी सांगणार?” बाबा सदऱ्याची घडी घालत म्हणाले. “ती पार शेवटच्या बाकावर होती. तिथून काही दिसत नाही.”