माणसाळलेली गाडी

दोन चाकांची गाडी घ्यायची तरी आमच्या घरात माझा होकार लागतो, याचे शेजाऱ्यांना नवल वाटते. मला त्यांच्या नवलाचे नवल वाटते. नांदगाव खंडेश्वरच्या शेतातली विहीर, राजापेठेतले हे घर, मुलांची लग्ने, यांतले काहीही मी पारखल्याशिवाय झालेले नाही. मग गाडीनेच काय पुण्य केले आहे?

प्रश्न माझ्या नातीचा होता. पौर्णिमा जनावरांची डॉक्टर झाली आणि तिची पहिली नेमणूक मेळघाटातल्या एका दवाखान्यावर निघाली. त्या दवाखान्याच्या हद्दीतली निम्मी गावे डांबरी रस्ता जिथे संपतो तिथून सुरू होतात. पौर्णिमाला जायचे होते. तिचा बाप, म्हणजे माझा थोरला गजेंद्र, तिला अमरावतीतच एखादी टेबलाची जागा मिळवून देण्याच्या खटपटीत होता. आठवडाभर दोघांचा वाद ऐकल्यावर मी दोघांनाही गप्प केले आणि माझी अट सांगितली. रानात एकट्या मुलीला सांभाळता येईल अशी गाडी मिळाली, तर ती मेळघाटात जाईल. नाही मिळाली, तर बाप म्हणतो ती जागा घेईल. सोमवारी तिला आपला निर्णय कचेरीत कळवायचा होता.

अशा वाटांसाठी उंच, लांब स्प्रिंगांच्या, दगडधोंड्यांवरून चालणाऱ्या मोटारसायकली निघाल्या आहेत. त्यांना अ‍ॅडव्हेंचर बाईक म्हणतात, असे पौर्णिमाने मला समजावून सांगितले. तिच्या नव्या पगाराला झेपतील अशा तिने दोनच काढल्या होत्या. एक इथल्याच शोरूममधली कोरी, आणि दुसरी अकोल्यातल्या कोणा शिक्षिकेची, चार वर्षे चाललेली. दुसरीचे नाव मी पुढे काढू दिले नाही. वापरलेली वस्तू आमच्या उंबरठ्याच्या आत येत नाही. माझ्या सासऱ्यांचा हा नियम मी त्यांच्याहून कडक पाळलेला आहे.

शोरूममधली गाडी दिसायला देखणी होती, यात शंका नाही. पौर्णिमा तिच्यावर बसली तेव्हा तिच्या पायांची फक्त बोटे जमिनीला टेकली. ती अंगाने माझ्यावर गेली आहे. आमच्याकडच्या बायका बुटक्याच. फाटकापाशी वळताना गाडी एका अंगाला कलली, पौर्णिमाने सावरायला पाय टाकला, तो पुरला नाही, आणि गाडी सावकाश आडवी झाली. तिला खरचटलेसुद्धा नाही. शोरूममधले तिघे धावत आले आणि त्यांनी गाडी उचलून उभी केली. सवयीने सगळे जमते, असे तिथला मॅनेजर हसतमुखाने म्हणाला. मी त्याला विचारले, की सवय होईपर्यंत हे तिघे मेळघाटात पाठवणार का. तो हसायचा थांबला. गजेंद्र मात्र घरी येईपर्यंत मनातल्या मनात हसत होता.

रात्री पौर्णिमा नीट जेवली नाही. ताट सरकवताना तिने मान वर न करता विचारले, "आजी, आपल्या घरी पेरणीच्या टायमाले बैल कधी कोरा आणला होता काय?"

मी तिला आधी भात संपवायला सांगितले. पण प्रश्न खोटा नव्हता. ह्यांनी, म्हणजे किसनरावांनी, उभ्या आयुष्यात ऐन हंगामात गोऱ्हा विकत घेतला नाही. गोऱ्ह्याला जू माहीत नसते, नांगराचा तास माहीत नसतो, आणि तो शिकेपर्यंत पावसाळा थांबत नाही. कामाचा माणूस माणसाळलेला बैल घेतो. त्याच्या खांद्यावरचा घट्टा म्हणजे त्याने केलेले काम. त्याला कोणी वापरलेली वस्तू म्हणत नाही.

सकाळी मी गजेंद्रला मोटार काढायला लावली. पौर्णिमाला सांगितले, की अकोल्याला फोन करून ठेव. आम्ही येईपर्यंत त्यांनी गाडी सुरू करायची नाही.

शिक्षिकेचे नाव फलक. पातूरच्या घाटापलीकडच्या शाळेत ती चार वर्षे याच गाडीने जात असे. आता तिची बदली शहरात झाली होती आणि गाडीचे काम उरले नव्हते. दारात तिची आई हलीमाबी आणि भाऊ मोहसीन स्वागताला उभे होते. अंगणात गाडी अशी चकचकीत, की तिच्या टाकीत कडुनिंबाचे झाड दिसावे. मी इंजिनाजवळ हात नेला. ते तापलेले होते.

"ही आताच फिरून आली हाये," मी म्हणाले.

मोहसीनने कबूल केले. पाहुणे येणार म्हणून त्याने फोन आल्यावर ती धुतली, पुसली, आणि सुकावी म्हणून नुकत्याच दोन चकरा मारून आणली. त्याच्या मनात कपट नव्हते, हे त्याच्या तोंडावरून दिसत होते. दारी पाहुणा येणार आणि वस्तू मळकी ठेवायची, हे आमच्या वऱ्हाडात कोणालाच जमणार नाही. पण बाजारात बैलही शिंगे रंगवूनच आणतात, आणि म्हणूनच जाणता माणूस त्याला धन्याच्या गोठ्यात, झोपेतून उठताना बघतो. तापलेले इंजिन कसेही सुरू होते. खरे काय ते गार इंजिन सांगते. ही निवेपर्यंत आम्ही बसतो, असे मी सांगितले आणि खाटेवर बसले.

"आई," गजेंद्र कानाशी येऊन पुटपुटला, "आपण गाडी घेऊन राहिलो, बैलजोडी नाही."

"जोडी असती तर तुले आणलंच नसतं."

गाडी निवायला वेळ लागतो आणि तेवढ्यात जेवणाची वेळ होते. हलीमाबींनी मला काही विचारले नाही. आज घरात वांग्याची भाजी आणि भाकरी याखेरीज काही शिजलेले नाही, एवढे सांगून त्यांनी पाट मांडले. भाजी उत्तम होती. तेल किंचित कमी चालले असते. जेवताना कळले, की फलकसुद्धा माझ्या पौर्णिमाएवढीच उंच. तिने सीट बनवणाऱ्याकडून आतला फोम कापून बैठक खाली करून घेतली होती. पौर्णिमा लगेच उठून गाडीवर बसून आली. तिच्या पायांचे चवडे टेकत होते.

हात धुतल्यावर मी गाडीला प्रदक्षिणा घातली. उजव्या अंगाला, इंजिनापुढच्या लोखंडी गार्डवर, एक खोल ओरखडा होता. पॉलिशखाली तो लपला नव्हता. मी विचारताच मोहसीन म्हणाला, की बाजारात उभी असताना कोणीतरी धक्का दिला असावा.

फलक पदराला हात पुसत दारात आली. "नाही आजी. मी पाडली. घाटात, वळणावर, खडीवर घसरली."

"सोबत कोण होतं?"

"कोणीच नाही."

"मंग उचलली कोणं?"

"मीच. दुसरं होतंच कोण तिथं?"

मला जे हवे होते ते या अंगणात आहे, हे मी त्या क्षणी ओळखले. मी तिला उचलून दाखवायला सांगितले. फलकने गाडीचा गिअर टाकला, स्टँड बाहेर ओढले आणि आपली धुतलेली, पुसलेली गाडी उजव्या अंगावर सावकाश निजवली. मोहसीनने तोंड फिरवले. त्याच्या सकाळच्या मेहनतीची मला थोडी कीव आली.

मग ती गाडीकडे पाठ करून बसली. कंबर सीटला टेकवली, एक हात हँडलच्या मुठीला, दुसरा मागच्या कड्याला. हातांनी ओढायचे नाही, ती पौर्णिमाला सांगत होती. हात नुसते धरून ठेवतात, काम पायांनी करायचे, एकेक पाऊल मागे. विहिरीतून आलेल्या मोटेसारखी गाडी वर आली आणि स्टँडवर टेकली.

"आता तिनं," मी म्हणाले.

गाडी पुन्हा निजवली. पौर्णिमाने पहिल्यांदा हातांवर जोर दिला. गाडी वीतभर उठली आणि खाली बसली. गजेंद्र पुढे झाला. मी त्याचा दंड धरला.

"तिथंच राय."

"आई, लागंन तिले."

"तिथं तू असणार हायेस काय?"

तो मागे सरला. पौर्णिमाने चपला काढून बाजूला ठेवल्या, तळवे जमिनीवर रोवले, डोळे मिटले. तिची पाठ ताठ झाली. पाऊल मागे, मग दुसरे, आणि गाडी उठत उठत स्टँडवर जाऊन उभी राहिली. कोणी टाळी वाजवली नाही. हलीमाबींनी तिच्या हातात पाण्याचा तांब्या दिला.

इंजिन आता हाताला गार लागत होते. मी सुरू करायला सांगितले. पहिल्या बटणाला ते बोलले, धूर नाही, खोकला नाही. पौर्णिमा गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन वळून आली.

सांगितलेला भाव वाजवी होता. मी तो थोडा खाली आणला. तसा आणला नसता तर हलीमाबींना माझ्याविषयी शंका आली असती. गाडी नावावर करण्याचे कागद गजेंद्र आणि मोहसीनने मिळून पाहायचे ठरले. एवढे झाल्यावर फलकने चावीतून निळ्या मण्यांची साखळी सोडवली आणि मुठीत ठेवली. मोहसीन तिला म्हणाला, की देऊन टाक ना, दोन रुपयांची साखळी. हलीमाबींनी त्याला डोळ्यांनी गप्प केले.

"जनावर विकलं तरी दावं आपल्याच खुंट्याले राह्यते, बाई," त्या मला म्हणाल्या. "तुम्हाले माहीतच हाये."

मला माहीत होते. दावे घेणाऱ्याने आपले आणावे लागते, आणि ते आणायचे माझ्या ध्यानात राहिले नव्हते. मी कमरेचा चांदीचा छल्ला काढला, त्यातल्या कपाटाच्या चाव्या पिशवीत टाकल्या, गाडीची चावी छल्ल्यात अडकवली आणि तो पौर्णिमाच्या हातावर ठेवला. दुसरी चावी मी माझ्याजवळ ठेवली.

"सोमवारी कळवून टाक," मी म्हणाले. "जाते म्हणून."

परतताना मूर्तिजापूर आले. गजेंद्रने विचारले, की आता तुझ्या कपाटाच्या चाव्या कुठं राहणार. मी त्याला समोर बघून मोटार चालवायला सांगितले. समोर पौर्णिमा चालली होती. तिला आमच्या पुढे जाऊ द्यायचे, हे मी निघतानाच ठरवून दिले होते.