चेनकव्हर

“अडकलं की ओढायचं नाही. पेडल उलटं फिरव, आपोआप सुटतं.”

मावशीनं हे सांगितलं तेव्हा भाचीच्या फ्रॉकची झालर सायकलच्या साखळीनं गिळली होती आणि ती भर रस्त्यात रडत उभी होती. मावशी सुईण. तीस वर्षं सायकलनं घरोघर गेली; एकही बाळ तिच्यासाठी थांबलं नाही आणि तिनंही कुणाला थांबवलं नाही. दुसऱ्याच दिवशी तिनं भाचीच्या सायकलला पत्र्याचं चेनकव्हर बसवून घेतलं, मागं कॅरिअर लावलं आणि बजावलं की ओझं सायकलला द्यायचं, पाठीला नाही.

भाची आता पन्नाशीला आली होती. एका मोठ्या कार्यालयात ती आवक-जावकच्या टेबलावर बसायची. आलेलं प्रत्येक पत्र तिच्या हातून आत जायचं, जाणारं तिच्याच हातून बाहेर पडायचं. एकोणीस वर्षं ती सायकलनं कामावर येत होती, आणि एकोणीस वर्षांत कुणी त्याची दखल घेतली नव्हती. त्यामुळे ती सुखात होती.

मग कार्यालयाला सायकलचा पुळका आला. वरून आदेश निघाला, समिती नेमली गेली, आणि सायकल चालवणारा एकही माणूस चुकून आत शिरू नये अशी काळजी घेतल्यासारखे सहाजण निवडले गेले. अध्यक्ष झाले उपसाहेब. पाठीमागं सगळे त्यांना शर्यतराव म्हणत, कारण तोंडात सतत शर्यतीच्या गोष्टी, आणि सायकल मात्र यायची मोटारीच्या टपावर बसून. फाटकापाशी ती उतरवायची, हेल्मेट, हातमोजे, काळा चष्मा असा सगळा साज चढवायचा, आणि फाटकापासून जिन्यापर्यंतची ऐंशी पावलं दौडायची. नाकापेक्षा मोती जड म्हणतात. इथं तर मोत्याखाली नाक सापडेना.

भाची रोज जिथं भिंतीला सायकल टेकवायची, तिथंच समितीनं जाळी लावून छप्पर उभारलं. जागा आठ सायकलींची. सहा समितीनं स्वतःसाठी धरल्या. उरलेल्या दोन ‘योग्य साधनसामग्री’ असलेल्यांना मिळणार होत्या. शुक्रवारी सकाळी तपासणी झाली. शर्यतराव तिच्या सायकलभोवती फिरत कागदावर फुल्या मारत गेले. खास बूट नाहीत, फुली. पाठीवरची पिशवी नाही, फुली. तिनं हळूच सांगून पाहिलं की सामान कॅरिअरवर रबरी पट्ट्यानं बसतं, मडगार्डमुळे कपड्यांवर चिखल उडत नाही, मागचा दिवा लागतो, घंटी वाजते. पण त्यांच्या कागदावर या गोष्टींना रकानाच नव्हता.

“आणि हा डबा कशाला?” त्यांनी पेनानं टकटक केलं.

“चेनकव्हर आहे, साहेब.”

“अहो बाई, आजोबांच्या काळातलं हे. वेग मरतो यानं.”

वर छत तेवढं टाका, की झाली बग्गी, असं समितीतलं कुणीतरी म्हणालं आणि सगळे हसले. ज्यांनी जन्मात स्वतः टायरात हवा भरली नाही, त्यांच्या विनोदावर रागवायचंही तिच्या जिवावर आलं.

साडेचारला यादी लागली. तिचं नाव नव्हतं. ती खाली गेली तर जाळीच्या दाराला नवं कुलूप, आत तिची सायकल. वॉचमनकाका ओशाळून म्हणाले, किल्ली साहेबांकडे आहे. नामंजूर सायकली सोमवारी सोडायचा हुकूम आहे.

मावशी आता पुलापलीकडच्या शुश्रूषागृहात होती. कमरेपर्यंत पांढरी वेणी, आणि तिला भाचीखेरीज कुणाचा हात लागलेला चालत नसे. तिथल्या मुख्य बाईंना एवढा वेळ कुठला? त्यांनी केस कापायचं ठरवलं, तेव्हा भाचीनं शब्द दिला की रोज सहाच्या आत येऊन वेणी घालीन. ठीक आहे, बाई म्हणाल्या, पण एक दिवस चुकला की कात्री. मावशी वेणी पुढं घेऊन मुठीत धरून बसली होती फक्त. नऊ महिन्यांत एक दिवस चुकला नव्हता. सायकलनं वीस मिनिटं लागत. कार्यालय सुटायचं पाचला, आणि दोन बस बदलून तासाला कमी नाही.

ती वर गेली. साहेब हातमोजे चढवत होते. खाली छपराच्या उद्घाटनाला फोटोवाला यायचा होता.

“नियम म्हणजे नियम, बाई. आज बसनं जा. एका दिवसानं काय बिघडतं?”

ज्या माणसानं रोज असं काही कधी केलंच नाही, त्याला एका दिवसानं काय बिघडतं ते सांगून कळणार नव्हतं. ती खाली येऊन कुलपापाशी उभी राहिली.

पाच वाजता सगळे पटांगणात जमले. शर्यतराव ऐटीत दौडत आले आणि फोटोवाल्यासमोर थांबले. त्यांचे नवे बूट पेडलला खटक्यानं बसणारे. सुटायला टाच बाहेर फिरवावी लागते, हे दुकानदारानं सांगितलं असणारच. थांबलेली सायकल उभी राहत नाही, हेही सांगावं लागेल असं त्या बिचाऱ्याला वाटलं नसावं. जुनं कपाट कलंडावं तसे साहेब सावकाश डावीकडे आडवे झाले. उजव्या बुटाची नाडी उघड्या साखळीत गेली. त्यांनी पाय ओढला, नाडी आणखी आत. मग समितीनं मिळून साहेबांना ओढलं. शेवटी कुणीतरी म्हणालं, कात्री आणा.

कात्री ऐकली आणि ती पुढं झाली.

“ओढू नका,” ती नेहमीच्याच हलक्या आवाजात म्हणाली. “पाय सैल सोडा, साहेब.” तिनं गुडघे टेकून पेडल धरलं, आणि तसंच धरून ठेवलं. “किल्ली?”

“सोमवारी आपण फेरविचार करू...”

“सोमवारी नको. आत्ता.”

फोटोवाल्याचं काम चालूच होतं. त्या महागड्या कपड्यांना एकच खिसा, तोही पाठीवर, आणि त्याच्यावर साहेब स्वतः पडलेले. समितीनं त्यांना कुशीवर वळवून किल्ली काढून दिली. तिनं पेडल अर्धा फेरा उलटं फिरवलं. वंगणानं काळी झालेली नाडी आपोआप बाहेर आली. टाच बाहेर फिरवली, खटका सुटला.

“चेनकव्हर बसवून घ्या,” ती उठत म्हणाली. “वजन थोडं वाढेल.”

कुलूप काढून तिनं किल्ली वॉचमनकाकांच्या हातात ठेवली. सीटखालच्या फडक्यानं हात पुसले. रबरी पट्ट्याखाली कंगवा आणि तेलाची बाटली जागच्या जागी होती. पाच वाजून बावीस मिनिटं झाली होती. घंटी न वाजवता ती गर्दीतून बाहेर पडली आणि रोजच्याच वेगानं पुलाकडे निघाली.